पडद्याआडची चूक अर्जदारास कळावी

काटोल-नरखेडचा परिसर संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. समजा, तेथील एका बागायतदारास अनुदान मंजूर झाले. सेवा केंद्रातील संगणकाच्या पडद्यावर ‘यशस्वी’ हा शब्द उमटला व पावतीही हाती आली. परंतु दोन महिने लोटले तरी रक्कम जमा झाली नाही. कार्यालय म्हणते, रक्कम पाठविली. बँक म्हणते, आली नाही. दोघांचेही म्हणणे खरे असू शकते.

याचे कारण असे की, कळ दाबताच संगणक केवळ अर्जाची नोंद घेतो. खरे काम नंतर, पडद्याआड चालते. आधार क्रमांकावर आधारित प्रदानात अनेक लाभार्थींची नावे एका संचिकेत एकत्र पाठविली जातात. आधार क्रमांक कोणत्या बँकेशी जोडलेला आहे, हे राष्ट्रीय प्रदान महामंडळाच्या नोंदीवरून ठरते. तशी जोडणी नसल्यास रक्कम कारणासह परत फिरते. मात्र तोवर अर्जदार घरी परतलेला असतो. ते कारण संगणकाच्या अंतर्गत नोंदवहीतच राहिले, तर ते केवळ तंत्रज्ञासच दिसते.

संदेश कसा असावा?

प्रथम, पावतीवर ‘यशस्वी’ ऐवजी ‘अर्ज मिळाला, प्रक्रिया सुरू आहे’ असे नमूद असावे. मिळणे आणि पूर्ण होणे या भिन्न अवस्था आहेत.

दुसरे, एका चुकीचे दोन संदेश असावेत. तंत्रज्ञासाठी संपूर्ण तांत्रिक तपशील. अर्जदारासाठी सोप्या मराठीत काय अडले, आता काय करावे व कोणास भेटावे, एवढेच. दोहोंवर एकच संदर्भ क्रमांक असावा. आतील तांत्रिक तपशील जनतेसमोर उघड केल्यास अर्जदाराचा गोंधळ वाढतो आणि यंत्रणेच्या सुरक्षिततेसही धोका पोहोचतो.

तिसरे, प्रत्येक अडथळा कळविण्याची आवश्यकता नाही. संपर्क क्षणभर तुटल्यास संगणकाने स्वतःच पुन्हा प्रयत्न करावा. मात्र जी चूक अर्जदाराखेरीज कोणी दुरुस्त करू शकत नाही, ती त्यास भ्रमणध्वनीवरील संदेशाने व सेवा केंद्रामार्फत अवश्य कळवावी.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा नाकारताना पदनिर्देशित अधिकाऱ्याने लेखी कारणे देणे व अपिलाची माहिती देणे बंधनकारक आहे. माणसाने दिलेल्या नकारास जो नियम, त्याच नियमाचा आशय यंत्राच्या नकारासही लागू व्हावयास हवा. कारण समजले तर बागायतदार एका फेरीत बँकेत जाऊन आधार जोडणी करून घेईल. न समजल्यास तो कार्यालयांचे उंबरठे झिजवीत राहील.

ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांनी अर्जदारास पावती जपून ठेवण्यास आणि अर्जाची स्थिती वेळोवेळी तपासण्यास सांगावे. यंत्र मूक राहिले, तरी प्रशासनाने मूक राहू नये.