पेन्सिलीचें व्यक्तिचित्र कसें पाहावें?



पेन्सिलीनें काढलेलें एखाद्या व्यक्तीचें चित्र समोर आलें कीं आपण बहुधा एकच प्रश्न विचारतों : "हुबेहूब साधलें आहे काय?" प्रश्न गैर नाहीं; पण तेवढ्यावर थांबल्यास तें चित्र घडलें कसें, हें पाहण्याचा आनंद हुकतो.

प्रथम साधन पाहूं. पेन्सिलींतील शिसें हें वस्तुतः शिसें नव्हे. तें ग्राफाइट व चिकणमाती यांचें भाजलेलें मिश्रण होय. ही रीत फ्रान्समधील कोंते यानें १७९५ सालीं काढली. माती अधिक असल्यास रेघ कठीण व फिकट, कमी असल्यास मऊ व काळी. चित्रकार प्रथम फिकट रेघांनीं डोक्याचा घाट व मध्यरेषा आंखतो. मोठ्या माणसाचे डोळे टाळू व हनुवटी यांच्या सुमारें मध्यावर येतात. नवशिका ते फार वर काढतो. नंतर तिरप्या रेघांनीं छाया चढते. डोळ्यांतील तेज मात्र बहुधा काढलेलें नसतें. तो राखून ठेवलेला कोरा कागद असतो. गालाची कडाहि सर्वत्र रेखलेली नसते. येथें तुंगार्लीस पावसाळ्यांत डोंगर धुक्यांत बुडतो, तरी दिसणाऱ्या एका धारेवरून मन उरलेला डोंगर पुरा करतें, तसेंच हें.

रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत विद्यार्थी म्हणून शिरले व १९३१ सालीं तेथूनच निवृत्त झाले. त्यांचीं रेखाटनें पाहण्याची संधि मिळाल्यास थोड्या रेघांत पदर वा पागोटें कसें उभें राहतें, तें अवश्य न्याहाळावें.

आतां माझी एक चूक सांगतों. एका विद्यार्थ्यानें आपल्या आजीचें चित्र काढून आणलें. हनुवटीशीं तीन रेघा एकमेकींलगत होत्या. मीं "अस्वच्छ" असा शेरा मारून दोन पुसावयास लावल्या. पुसून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "गुरुजी, आजीची हनुवटी सारखी कांपते." त्या रेघांत चूक नव्हती, आजी होती. आतां ती एक नीटस, परकी हनुवटी उरली होती.

म्हणून चित्र पाहतांना पुसट आंखणी व दुरुस्तीच्या रेघा यांना डाग समजूं नये. चित्रकार कोठें थबकला, कोठें पुन्हां पाहता झाला, याची ती नोंद असते. घरांतील मुलाच्या हातीं रबर देण्यापूर्वी एवढें अवश्य विचारावें : "ही रेघ कां बरें काढलीस?"