दत्तक कोण — कुटुंब कीं विद्यार्थी?

वाशीम हें नांव आज कोणीं उच्चारिलें तर ऐकणाऱ्याच्या मनांत मागासलेपणाचें चित्र उभें राहतें. इ. स. २०१८ मध्यें महाराष्ट्रांतील ज्या चार जिल्ह्यांस सरकारनें 'आकांक्षित' असें गोड विशेषण दिलें, त्यांत गडचिरोली, नंदुरबार व धाराशिव यांच्या पंक्तीस वाशीमचें पान मांडलें गेलें. वस्तुतः हें प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. आणि राजशेखरानें 'काव्यमीमांसें'त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह लाविला तो याच नगरींत. इंग्रजी अमलांत वाशीम हा वऱ्हाडांतील स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ सालीं तो मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यांत मिळविला गेला व १ जुलै १९९८ रोजीं पुनः वेगळा झाला. सहा तालुके, २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें सुमारें बारा लक्ष वस्ती, आणि त्यांत पांचांपैकीं चार माणसें खेड्यांत राहणारीं. या जिल्ह्यास ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं स्वतःचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालें. त्या दिवशीं महाराष्ट्रांत एकदम दहा महाविद्यालयांचें उद्घाटन झालें, त्यांतलें हें एक.

जिल्ह्याच्या दृष्टीनें ही आनंदाची गोष्ट होय. वर्षास शंभर विद्यार्थी तेथें शिकतील, तज्ज्ञ शिक्षक येतील, अडल्या वेळीं अकोल्या-नागपुराकडे घ्यावी लागणारी धांव थोडी कमी होईल. परंतु कॉलेज गांवांत आलें म्हणून डॉक्टर खेड्यांत जातोच असें नाहीं. या बाबतींत आपल्या देशाचा अनुभव ऐंशीं वर्षांचा आहे, आणि तो फारसा सुखाचा नाहीं.

सर जोसेफ भोर (हे गृहस्थ जन्मानें नाशिकचे व डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी) यांच्या समितीचा अहवाल १९४६ सालीं प्रसिद्ध झाला. त्या काळीं देशांत सुमारें ४७ हजार नोंदलेले डॉक्टर होते आणि त्यांपैकीं जवळजवळ ३० हजार पदवीधर नव्हते, तर लोकांच्या तोंडीं ज्यांस 'एल्. एम्. पी.' म्हणत त्या वर्गाचे होते. नागपुरास मेडिकल कॉलेज निघालें तें १९४७ सालीं. त्यापूर्वीं तेथें रॉबर्टसन मेडिकल स्कूल होतें. भोर समितीनें ही दुहेरी पद्धति मोडून सर्व देशास एकाच प्रतीचा 'मूलभूत डॉक्टर' द्यावा असें सुचविलें व त्याच्या शिक्षणांत सामाजिक वैद्यकाचे तीन महिने घालावे असेंही सांगितलें. हेतु उदात्त होता. पण एल्. एम्. पी. गेला आणि मूलभूत डॉक्टर शहरांत राहिला. पुढें १९७७ सालीं श्रीवास्तव समितीच्या शिफारशींस अनुसरून आणखी एक योजना निघाली: प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयानें तीन विकासगट आपले मानावे, फिरत्या दवाखान्याच्या मोटारी घेऊन तेथें जावें. मोटारी आल्या, कांहीं दिवस फिरल्या. मोटारीनें जाणारा संध्याकाळीं मोटारीनेंच परततो. गांव त्यास खिडकींतून दिसतें. त्या योजनेचें नांवही आतां फारसें कोणी काढीत नाहीं.

राष्ट्रीय वैद्यक आयोगानें आतां निराळी वाट धरिली आहे. २०२१-२२ च्या तुकडीपासून प्रत्येक विद्यार्थ्यानें पहिल्याच वर्षीं खेड्यांतील कांहीं कुटुंबें, निदान तीन, 'दत्तक' घ्यावयाचीं आणि अभ्यासक्रम चालेल तोंवर त्यांची विचारपूस ठेवावयाची, असा नियम झाला. गांव शक्यतों आरोग्य केंद्र नसलेलें निवडावयाचें. घरांतील माणसांचें वजन, रक्तदाब, रक्ताची तपासणी, मुलांच्या लसी, गर्भिणीची काळजी यांची नोंद करावयाची; कोणास उपचार हवे असतील तर रुग्णालयापर्यंत वाट दाखवावयाची. वाशीमच्या शंभर विद्यार्थ्यांचा हिशेब केला तर एका तुकडीच्या वांट्यास तीनशें घरें येतात, म्हणजे एक बऱ्यापैकीं खेडें, अथवा दोनतीन तांडे. ती पहिली तुकडी आंतरवासितेसह साडेपांच वर्षें पुरीं करून २०३० च्या सुमारास बाहेर पडेल. 

योजना चांगली आहे. शब्द मात्र उलटा पडला आहे. 'दत्तक' हा शब्द योजणाऱ्यानें धर्मशास्त्र उघडलें नसावें. दत्तक जातो तो मुलगा. घेतें तें घर. ज्या घरीं गेला त्या घराचें गोत्र त्यास लागतें, तेथलें सोयरसुतक तो पाळतो. येथें तर अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा, कालपरवांपर्यंत शिकवणीच्या वर्गांत चार उत्तरांपैकीं एकावर खूण करीत होता तो, हातांत वही घेऊन अशा बाईच्या ओसरीवर जातो कीं, जिनें तीन बाळंतपणें सोसलीं आहेत, एक मूल मातींत घातलें आहे आणि सोयाबीनचा भाव पडल्यावर घर चालवून दाखविलें आहे. या मुलास औषध लिहून देण्याचा अधिकार नाहीं. नाडी कोठें लागते तेंही त्यानें नुकतेंच पाहिलें. तो या कुटुंबास काय दत्तक घेणार? कुटुंबच त्यास पदरांत घेतें. ही गोष्ट शिक्षकांस व विद्यार्थ्यांस उमगली तर योजना जगेल. न उमगली तर तिचीही मोटार होईल.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत दोन अध्याय लागोपाठ आलेले आहेत. नवव्यांत शिष्यानें कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर शस्त्र चालवून हात बसवावा असें सांगितलें आहे. दहाव्याचें नांव 'विशिखानुप्रवेशनीय'. विशिखा म्हणजे रस्ता, आळी. टीकाकार तिचा अर्थ कर्ममार्ग असा करितात. शास्त्र ऐकून व हात बसवून झाल्यावर वैद्यानें आळींत शिरावें तें कसें, हा या अध्यायाचा विषय: नखें व केस कापलेले, वस्त्र स्वच्छ, पायांत जोडे, हातांत काठी व छत्री. मग रोग्यास काय विचारावें याची यादी येते, आणि त्या यादींत 'देश' हा पहिला आहे. माणूस कोठला, तेथें काय पिकतें, पाणी कसें, हें आधीं. दुखणें कसें सुरू झालें तें मागाहून.

वाशीमच्या विद्यार्थ्यास या 'देशा'चीच पहिली अडचण पडेल. पुण्या-मुंबईच्या मुलास वऱ्हाडी 'काहून?' सुद्धां ऐकून घ्यावयास शिकलें पाहिजे. मानोरा तालुक्यांत पोहरादेवी हें बंजारा समाजाचें मोठें तीर्थ आहे. तांड्यांवर घरांत गोरमाटी बोलतात, आणि मराठी ही त्यांची बाहेर वापरावयाची भाषा. पेरणीच्या दिवसांत सकाळीं अकरा वाजतां गेल्यास घराला कडी दिसेल. सोंगणीच्या दिवसांत तर म्हातारें माणूसही भेटणार नाहीं. शिवाय घरांत दवाखान्याचा निर्णय कोण करतें, सासू, थोरला दीर कीं बाहेरगांवीं कामास गेलेला नवरा, हें वहींतल्या कोणत्याही रकान्यांत येत नाहीं. सुनेची रक्ततपासणी करावयाची तर आधीं सासूशीं दोन गोष्टी बोलाव्या लागतात. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या मुलांस हें इतरांहून लवकर समजावें, अशी आमची अपेक्षा आहे. रकाने भरण्याबद्दल म्हणाल तर, शाळेंत आयुष्य घालविलेल्या माणसास ठाऊक असतें कीं, तपासनीस हजेरीपट पाहून संतुष्ट होऊं लागला कीं त्या दिवसापासून हजेरीपट फार सुंदर भरूं लागतात.

हें सर्व नव्यानें करून पाहावयाचें आहे असेंही नाहीं. विदर्भांतच, वर्ध्याजवळ सेवाग्रामला, तें अर्धशतकाहून अधिक काळ चाललें आहे. गांधीजींच्या निकट राहून त्यांची वैद्यकीय देखभाल केलेल्या डॉ. सुशीला नायर या १९६२ ते १९६७ पर्यंत केंद्रांत आरोग्यमंत्री होत्या; तें पद गेल्यावर त्यांनीं १९६९ सालीं, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षीं, साठ विद्यार्थ्यांनिशीं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. नवा विद्यार्थी आला कीं प्रथम पंधरा दिवस आश्रमांत राहतो, झाडतो, सूत कांततो, प्रार्थनेस बसतो. मग प्रत्येक तुकडीस एक खेडें नेमून दिलें जातें. सगळी तुकडी त्या गांवांत पंधरा दिवस मुक्काम करते. प्रत्येकास तीन-चार घरें मिळतात. आणि शिबिर संपल्यावर पुढें वर्षानुवर्षें ठराविक दिवशीं त्याच घरीं जावयाचें असतें. या 'मुक्कामा'स आम्ही फार महत्त्व देतों. रात्रीं खेड्यांत दिवे गेल्यावर काय होतें, तापलेल्या मुलाला घेऊन बाप कोणाच्या दाराशीं जातो, हें दुपारीं बारा ते चार या वेळेंत कळण्यासारखें नाहीं.

त्याच संस्थेंत डॉ. उल्हास जाजू यांनीं १९८० च्या सुमारास ज्वारीवर चालणारी आरोग्यविम्याची योजना उभी केली. सुगी झाली कीं प्रत्येक घरानें आपल्या जमिनीच्या मानानें ज्वारी द्यावयाची. ज्याची जमीन अधिक त्याचें माप मोठें. गांवांतील बहुतेक घरें सामील होतील तरच गांव घ्यावयाचें. त्या बदल्यांत गांवांत आरोग्यसेवक, आणि अकस्मात् दुखणें आल्यास रुग्णालयांत विनामूल्य उपचार. फुकट देणाऱ्यास गांव नमस्कार करतें. ज्वारी घेणाऱ्यास जाब विचारतें. विद्यार्थ्यानें हा जाब ऐकावा, हें आमच्या मतें शंभर व्याख्यानांइतकें शिक्षण आहे. 

मुलींच्या दृष्टीनें एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. गडचिरोली जिल्ह्यांतील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचा वृत्तांत १९८९ सालीं 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकपत्रांत आला. शेंकडा ९२ स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचें आढळलें, आणि त्यापूर्वीं तपासून घेतलेल्या स्त्रिया शेंकडा आठच. म्हणजे दुखणें घरोघर होतें, बोललें मात्र जात नव्हतें. अशा घरीं दरमहा जाऊन माजघरांत बसणारी, सुनेच्या वयाची विद्यार्थिनी जें ऐकूं शकेल तें जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागांत, मागें चाळीस माणसांची रांग उभी असतां, कोणाच्याही कानीं पडणार नाहीं.

आतां थोडें आपल्या घरांविषयीं. हें मासिक जेथें जातें त्या घरांत एखादी नात, एखादा पुतण्या 'नीट'च्या तयारींत बहुधा असतोच. शासकीय महाविद्यालयांतून एम्. बी. बी. एस्. होणाऱ्यानें एक वर्ष शासनाची सेवा करावी असा महाराष्ट्रांत नियम आहे, आणि ती न केल्यास दहा लक्ष रुपये भरून सुटण्याची मुभा पूर्वीच्या तुकड्यांस ठेविलेली होती. पदवी हातीं आली कीं ओटीवर बेरीज सुरू होते: एक वर्ष गेलें म्हणजे पुढच्या परीक्षेची तयारी मागें पडली, त्यापेक्षां पैसे भरून मोकळें व्हावें. ही बेरीज मुलगा करीत नाहीं. ती काका करतो, आणि कर्ज काढण्यास बापही तयार असतो. मुलीच्या बाबतींत भीतीही असते, आणि ती अगदींच निराधार नाहीं. राहावयास पक्कें घर, दाराला कडी, नळाला पाणी आणि सोबतीला कोणी, हें मागण्यासाठीं आईबापांनीं सरकारशीं खुशाल भांडावें. आम्ही त्यांच्या बाजूचे आहों. परंतु विसाव्या वर्षाच्या आंत ज्या मुलीनें खेड्यांत पंधरा रात्री काढल्या, चारपांच वर्षें एकाच उंबऱ्यावर ये-जा केली, तिला पंचविसाव्या वर्षीं 'खेडें' या शब्दाची धास्ती वाटत नाहीं. तिच्या घरच्यांस वाटते, कारण त्यांनीं तें उंबरठे पाहिलेले नसतात.

तेव्हां दिवाळीच्या सुट्टींत मूल घरीं आलें म्हणजे शरीरशास्त्रांत किती गुण मिळाले हें विचारून झाल्यावर त्यास त्याच्या तीन घरांचीं नांवें विचारावीं. त्या घरीं पाणी कोठून येतें, सुनेस कितवा महिना चालू आहे, म्हातारीचा मोतीबिंदू काढला कीं अजून तसाच आहे, हेंही विचारावें. जमल्यास एकदां त्याच्याबरोबर जाऊन यावें. जातांना फराळाचा डबा न्यावा, आणि त्या घरीं मिळेल तो चहा घ्यावा.