भांडणापेक्षा अबोला अधिक बोलका

वारंवार भांडणे होतात, म्हणजे हे नाते टिकणार नाही, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या संशोधनातून मात्र निराळेच चित्र पुढे आले. गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी अनेक वर्षे जोडप्यांचे संवाद चित्रित केले, बोलताना त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि पुढे कोण विभक्त झाले याची नोंद ठेवली. भांडण किती वेळा होते, यापेक्षा ते कोणत्या सुरात होते, याला अधिक महत्त्व असल्याचे त्यांना आढळले.

'फोन का केला नाहीस?' ही तक्रार झाली. 'तू आहेसच बेजबाबदार' हा मात्र स्वभावावरचा शेरा ठरतो. अशा शेऱ्यांची सवय जडली, की दुसरी व्यक्ती बचावाचा पवित्रा घेते आणि कालांतराने बोलणेच सोडून देते. या साऱ्यांत गॉटमन सर्वाधिक घातक मानतात ती तुच्छता. बोलणे ऐकताना नाक मुरडणे, नक्कल करणे, चारचौघांत पाणउतारा करून वर 'गंमत केली' म्हणणे, ही तिची रूपे. लग्न ठरल्यानंतरच्या गोडव्यात याकडे हमखास काणाडोळा होतो. 'लग्नानंतर सुधारेल' हे घरच्या वडीलधाऱ्यांचे आश्वासन तर ठरलेलेच!

याहून सूक्ष्म खूण दैनंदिन बोलण्यात दडलेली असते. कार्यालयातला एखादा किरकोळ प्रसंग सांगावा आणि समोरच्याने मोबाइलवरून नजरही उचलू नये, हे एकदा घडले तर थकवा म्हणता येईल. रोज घडू लागले, की सांगणारा हळूहळू सांगणेच थांबवतो. भांडण नसल्याने घरात सारे आलबेल भासते.

अर्थात, या खुणा म्हणजे ज्योतिष नव्हे. घटस्फोटाचे भाकीत करणारी अशी सूत्रे नव्या गटावर पडताळल्यास त्यांची अचूकता बरीच घसरते, हे रिचर्ड हेमन आणि एमी स्लेप यांनी २००१ मध्ये दाखवून दिले. शिवाय गॉटमन यांचे निष्कर्ष प्रामुख्याने अमेरिकी जोडप्यांवर बेतलेले आहेत.

तरीही एक गोष्ट कोणालाही पारखता येते. वाद रंगात असताना एकाने माघार घेत हलकेसे काही बोलावे, 'चल, चहा टाकतो' इतकेच म्हणावे. समोरची व्यक्ती त्या वेळी किंचित तरी सैलावते, की तो चहाही नव्या वादाचे निमित्त ठरतो?