वॉर्डात सगळे एकत्र, पण वाटणी सारखी आहे का?

वसई-विरारमधल्या रुग्णालयाच्या वॉर्डात पाहा. एक सिस्टर केरळची, दुसरी वसईच्या ख्रिस्ती घरातली, तिसरी जव्हारकडची आदिवासी मुलगी. वॉर्डबॉय उत्तर प्रदेशचा आणि मावशी आपल्या वस्तीतली. याचा रुग्णाला फायदाच होतो. कुणाला वारली समजते, कुणाला भोजपुरी. घाबरलेल्या माणसाला त्याच्या भाषेत बोलणारे कुणीतरी भेटते.

पण काम करणाऱ्याला समाधान मिळते का? आम्ही परिचारिकांनी इतकी वर्षे पाहिले ते असे : माणसे वेगवेगळी असल्यामुळे कुणी दुःखी होत नाही, वाटणीमुळे होते. बेडपॅन नेहमी ठरावीक माणसांच्याच हाती. दिवाळीची सुट्टी ठरावीकांनाच आणि बुद्धपौर्णिमेला आमची नाइट. एका ठिकाणी आमच्यातल्या एकीची जात कळली आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या डब्यातली भाजी कुणी घेईना. तिने काही महिन्यांत नोकरी सोडली. कारण विचारले तर म्हणाली, "प्रवास झेपत नाही."

हे दुखणे जुने आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली माणसे होती, पण चांगल्या मजुरीच्या विणकाम खात्यात त्यांना मज्जाव होता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ वाटे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी सांगितले, की आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमनच राहतो. छप्पर एक असले म्हणजे बरोबरी आली असे नाही.

रोजचा अपमान शरीरात साठतो. झोप उडते, डोके दुखते, पित्त वाढते, रक्तदाबही वाढू शकतो. कामाच्या न संपणाऱ्या ताणातून येणारी ही गळून गेल्याची अवस्था जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट' म्हणून नोंदली. तिला आजार म्हटलेले नाही, कामाशी जोडलेली स्थिती म्हटले आहे. म्हणजे केवळ गोळीने भागणार नाही, कामाची रीत बदलावी लागेल.

काय करावे?

• ड्युटी लिस्ट भिंतीवर लावायला सांगा. घाणीचे काम, नाइट आणि सणाच्या सुट्ट्या पाळीपाळीने द्या.

• एकत्र बसून जेवा. कुणी एकटे जेवत असेल तर त्याच्या शेजारी जाऊन बसा.

• जातीवरून अपमान झाला तर तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आपल्यासाठीच आहे.

• दोन आठवडे झोप नीट लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, रक्तदाब तपासा. मन मोकळे करायला टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

आणि आपल्यापैकी कुणी इन्चार्ज झाली, तर पहिली ड्युटी लिस्ट लिहिताना हे सगळे आठवावे. आपल्या हातूनही कुणाची वाटणी कमी पडू नये.

जय भीम.