डेन्व्हरची वेस्ट कोलफॅक्स ज्यू वस्ती आणि क्षयरोग आरोग्यधाम : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
एकाच समाजाने एकाच शहरात, पाच वर्षांच्या अंतराने, क्षयरोग्यांसाठी दोन स्वतंत्र संस्था का उभाराव्यात? अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या डेन्व्हर शहरात असे घडले. प्रस्तुत लेखात वेस्ट कोलफॅक्स या स्थलांतरित ज्यूंच्या वस्तीचा व तिच्याशी निगडित आरोग्यधामाचा इतिहास पाहताना या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

वस्तीची पार्श्वभूमी :
1881 मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याच्या हत्येनंतर रशियन साम्राज्यात ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या आणि पूर्व युरोपातून अमेरिकेकडे मोठे स्थलांतर सुरू झाले. 1882 मध्ये अशाच काही निर्वासितांनी कोलोरॅडोतील कोटोपॅक्सी येथे शेतकरी वसाहत केली. खडकाळ जमिनीमुळे ती अल्पावधीतच मोडली. त्यांतील काही कुटुंबे डेन्व्हरला येऊन साउथ प्लॅट नदीच्या पश्चिमेस वेस्ट कोलफॅक्स मार्गालगत स्थिरावली. यिडिश भाषा, सिनेगॉग, कोशर म्हणजेच धर्मनियमानुसार सिद्ध केलेल्या अन्नाची दुकाने व लहानसहान व्यवसाय यांतून या वस्तीचे स्वरूप घडत गेले.

या वस्तीच्या वाढीला क्षयरोगाचाही हातभार लागला. रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये क्षयाचा जंतू शोधला, तरी औषध उपलब्ध नव्हते. विश्रांती, सकस आहार आणि कोरडी, मोकळी हवा हाच उपचार मानला जाई. सुमारे 1600 मीटर उंचीवरील, भरपूर सूर्यप्रकाशाचे डेन्व्हर त्यामुळे रुग्णांचे आशास्थान बनले. न्यूयॉर्कसारख्या शहरांतील कोंदट शिलाई कारखान्यांत हा आजार इतका फैलावला होता की, त्यास शिंप्यांचा रोग म्हटले जाई. तेथील कामगार जवळची पुंजी खर्चून डेन्व्हर गाठत. मात्र निवारा व उपचार यांची सोय नसल्याने अनेकांची परवड होई.

दोन संस्था, दोन दृष्टिकोन :
फ्रान्सेस वाइसबार्ट जेकब्स या समाजसेविकेने अशा रुग्णांसाठी रुग्णालयाचा आग्रह धरला होता. 1892 मध्ये त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी रुग्णालयाची इमारत उभी राहिली; परंतु 1893 च्या आर्थिक मंदीमुळे ती रिकामीच पडून राहिली. अखेरीस बनाय ब्रिथ या संघटनेच्या साहाय्याने 1899 मध्ये नॅशनल ज्यूइश हॉस्पिटल सुरू झाले. येथे सर्व धर्मांच्या गरीब रुग्णांवर विनामूल्य उपचार होत. तथापि, रोगाच्या प्राथमिक अवस्थेतील, बरे होण्याची शक्यता असलेल्या रुग्णांनाच प्रवेश मिळे. मर्यादित खाटांचा उपयोग अधिकाधिक लोकांना व्हावा, हा त्यामागील तर्क होता. सुरुवातीस तेथे कोशर आहाराची व्यवस्थाही नव्हती. संस्थेची सूत्रे प्रामुख्याने जर्मन वंशाच्या, अमेरिकेत स्थिरावलेल्या संपन्न ज्यूंकडे होती.

हा तर्क वेस्ट कोलफॅक्सच्या श्रमिकांना मान्य नव्हता. ज्याचा आजार बळावला आहे, त्याने जावे कोठे, असा त्यांचा प्रश्न होता. 1904 मध्ये पूर्व युरोपीय कामगारांनी, ज्यांत अनेक स्वतः क्षयग्रस्त होते, ज्यूइश कन्झम्प्टिव्ह्ज रिलीफ सोसायटी स्थापन केली. डॉ. चार्ल्स स्पिव्हाक हे तिचे प्रमुख आधारस्तंभ होते. शहराच्या पश्चिमेस, आजच्या लेकवुडमध्ये, कापडी तंबूंपासून आरोग्यधामाचा प्रारंभ झाला. रोगाच्या कोणत्याही अवस्थेतील रुग्णास प्रवेश, कोशर भोजन आणि धार्मिक व भाषिक जीवनास मोकळीक ही त्याची वैशिष्ट्ये होती. देशभरातील सामान्य लोकांच्या लहान लहान देणग्यांवर संस्था चाले. एक जीव वाचविणारा जणू सारे जग वाचवितो, हे तालमुदातील तत्त्व तिने ब्रीद म्हणून स्वीकारले.

सांस्कृतिक योगदान :
उपचारासाठी आलेले लेखक-कवी हा या इतिहासाचा लक्षणीय भाग होय. कवी येहोआश क्षयामुळे डेन्व्हरला आले. त्यांनी स्पिव्हाक यांच्यासमवेत यिडिशमधील हिब्रू व अरामी शब्दांचा कोश सिद्ध केला (1911). कवी एच. लेव्हिक हे 1930 च्या दशकात याच आरोग्यधामात रुग्ण होते. इस्राएलच्या पुढील काळातील पंतप्रधान गोल्डा मेयर 1913 च्या सुमारास किशोरवयात वेस्ट कोलफॅक्समध्ये बहिणीकडे राहिल्या. ही बहीण क्षयाच्या उपचारासाठीच डेन्व्हरला आली होती. तिच्या घरी रंगणाऱ्या राजकीय चर्चांतून आपली वैचारिक जडणघडण झाल्याचे मेयर यांनी नमूद केले आहे.

निष्कर्ष :
1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि पुढील दशकात परिणामकारक औषधोपचार रूढ होऊन आरोग्यधामांची गरज ओसरली. 1954 मध्ये सोसायटीने कर्करोगाकडे लक्ष वळविले. नॅशनल ज्यूइश आजही श्वसनविकारांवरील उपचार व संशोधनासाठी ख्यातकीर्त आहे. दोन संस्थांमधील वाद केवळ धर्माचाराचा वा वर्गभेदाचा नव्हता. अपुऱ्या साधनांवर पहिला हक्क बरा होऊ शकणाऱ्याचा की ज्याला अन्यत्र थारा नाही त्याचा, हा त्याचा गाभा होता. त्या काळी औषध कोणाकडेच नव्हते. म्हणूनच बरे करता येत नसले तरी आश्रय देता येतो, हे वेस्ट कोलफॅक्सच्या श्रमिकांनी कृतीने दाखविले, आणि यातच त्यांच्या कार्याचे ऐतिहासिक महत्त्व सामावलेले आहे.