पंखाला टेकलेली हवा

चालू पंख्याच्या पात्यांवर धूळ साचते, एवढ्या वाऱ्यात ती उडून कशी जात नाही? कारण पात्याला अगदी टेकलेली हवा पात्याबरोबरच फिरत असते. धुळीच्या कणापुरता तिथे वारा जवळजवळ नसतोच.

विमानाच्या पंखावरही हेच घडते. टेकलेला थर पंखाला धरून राहतो, त्यावरचा थोडा सरकतो, त्याच्या वरचा आणखी. असे करत थोड्याच उंचीवर हवा आपला पूर्ण वेग गाठते. हा मधला पातळ पट्टा म्हणजे सीमास्तर. 1904 साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत लुडविग प्रांटल या 29 वर्षांच्या जर्मन अभियंत्याने तो मांडला. तोवर हवेची श्यानता, म्हणजे तिच्या थरांमधले घर्षण, शून्य धरून गणित केले, की वस्तूला वाऱ्याचा विरोधच होत नाही, असे अशक्य उत्तर यायचे. श्यानतेचा खरा प्रभाव या पट्ट्यातच असतो, बाहेर ती सोडून दिली तरी चालते, हे प्रांटलने ओळखले. विमानशास्त्रातला इतका नेमका विचार मला दुसरा दिसत नाही.

सेकंदाला 30 मीटर वेगाचा वारा गुळगुळीत सपाट पत्र्यावरून वाहतो आहे असे धरू. पुढच्या कडेपासून 15 सेंटिमीटरवर सीमास्तराची जाडी भरते जेमतेम 1.4 मिलिमीटर. त्यात थर एकमेकांत न मिसळता सरकत असतात. हा स्तरीय प्रवाह. त्यात उठणाऱ्या बारीक लहरी श्यानता सुरुवातीला जिरवून टाकते. पुढे, साधारण 25 सेंटिमीटरच्या आसपास, तिला ते झेपत नाही; लहरी वाढतात, फुटतात, भोवरे होतात. भोवरे वरची वेगवान हवा थेट पृष्ठभागाशी आणतात आणि घर्षण कित्येक पटींनी वाढते.

म्हणून पंखावर प्रवाह स्तरीय राखायचा, तर हवेला जास्तीत जास्त अंतर वेग घेत ठेवायचे. वेग वाढतो तिथे दाब उतरत जातो आणि लहरी दबून राहतात. 1940 साली उडालेल्या मस्टँग विमानाच्या पंखाचा सर्वांत जाड भाग याचसाठी नेहमीपेक्षा मागे नेला होता. प्रत्यक्षात रिव्हेटांचे उंचवटे आणि चिकटलेले किडे यांनी स्तरीय प्रवाह बराच आधी मोडायचा. आजही स्पर्धेतल्या काही ग्लायडरांच्या पंखांवर, उडता उडता पुढच्या कडेवरचे किडे खरवडून काढणारी छोटी पुसणी बसवलेली असते.