पीकचित्रांचे प्रेषण आणि स्मृतिमर्यादा

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली. सातबाऱ्यावर पिकाची नोंद करण्याचे जे काम पूर्वी तलाठी करीत, त्यात आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे व मोबाईल ॲपमधून पाठवावयाचे असते. यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी हा तेलंगणाच्या सीमेवरील, कापूस पिकविणारा व कोलाम वस्तीचा तालुका. तेथील शेतकऱ्याच्या साध्या फोनवर छायाचित्र पाठविताना ‘मेमरी अपुरी आहे’ अशी सूचना उमटली, किंवा ॲप निमूटपणे बंद पडले, तर ती केवळ गैरसोय नव्हे. हमीभावाने विक्री व पीकनुकसानीची मदत यांस याच नोंदीचा आधार लागतो. प्रस्तुत लेखात कोणत्याही विशिष्ट ॲपचे परीक्षण करावयाचे नसून, अशा सर्व ॲपांत संभवणाऱ्या या दोषाचे स्वरूप तपासावयाचे आहे.

अशी सूचना दिसताच वापरणारा फोनमधील जुनी छायाचित्रे पुसू लागतो. परंतु फोनमधील साठवण आणि चालू कामासाठी लागणारी रॅम या दोन भिन्न गोष्टी आहेत. साठवण रिकामी केल्याने रॅम वाढत नाही.

मूळ कारण साध्या गणिताने स्पष्ट होते. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र ४००० × ३००० पिक्सेलांचे, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेलांचे असते. जेपेग पद्धतीने संक्षेपित झालेली त्याची फाईल साधारण ४० लाख बाइटांची भरते. तेच चित्र पडद्यावर दाखविण्यासाठी पूर्ण उलगडले की प्रत्येक पिक्सेलास ४ बाइट लागून ४ कोटी ८० लाख बाइट व्यापले जातात. आडवे आलेले चित्र उभे करण्यासाठी दुसरी प्रत निर्माण केली, तर हा भार काही क्षण दुप्पट होतो. फाईल अक्षररूपात बदलून पाठविण्याची रीत योजल्यास तिचा आकार आणखी एक-तृतीयांशाने वाढतो. तात्पर्य, अडचण फाईलच्या आकारात नसून उलगडलेल्या चित्राच्या आकारात आहे.

निदान करताना दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. छायाचित्र घेऊन परत येताच ॲप पहिल्या पानावर गेले व भरलेली माहिती नाहीशी झाली, तर कॅमेरा उघडा असताना रॅम मोकळी करण्यासाठी यंत्रणेनेच ॲप बंद केले असण्याचा संभव अधिक. उलट, चित्र दाखविताना किंवा पाठविताना ॲप कोसळले, तर दोष बहुधा चित्र उलगडण्याच्या रीतीत असतो.

पहिल्यावर उपाय असा की, कॅमेरा उघडण्यापूर्वीच अर्धवट नोंद व भावी चित्राचा पत्ता साठवणीत लिहून ठेवावा. दुसऱ्यासाठी, प्रथम चित्राची केवळ लांबी-रुंदी वाचावी आणि ते उलगडतानाच लहान करावे. दोन्ही बाजू एक-चतुर्थांश केल्यास चित्र १००० × ७५० पिक्सेलांचे होऊन ३० लाख बाइटांत, म्हणजे मूळच्या सोळाव्या हिश्शात मावते. आधी पूर्ण उलगडून मग लहान करण्याने काहीच साधत नाही, कारण स्मृतीवरील ताण तोपर्यंत पडून गेलेला असतो. प्रेषणही संपूर्ण फाईल रॅममध्ये न घेता तुकड्या-तुकड्यांनी करावे. संपर्क तुटल्यास ते पुन्हा सुरू होईल अशी तजवीज ठेवावी.

येथे एक सावधगिरी अगत्याची आहे. छायाचित्राच्या फाईलमध्ये वेळ व अक्षांश-रेखांश नोंदविलेले असू शकतात. चित्र लहान करून नवी फाईल लिहिली की ही माहिती आपोआप सोबत येत नाही. ती मुद्दाम उतरवून घ्यावी लागते. तसेच कापसाचे झाड ओळखू येऊ नये इतके चित्र लहान करणेही उपयोगाचे नाही. पुरावा म्हणून घेतलेल्या चित्राचा पुरावापणा टिकलाच पाहिजे.

यावरून असे दिसते की, हा दोष फोनच्या किमतीचा नसून रचनेचा आहे. म्हणून अशा ॲपची कसोटी प्रयोगशाळेतील महागड्या फोनवर न घेता, शेतात प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या सर्वांत कमी रॅमच्या फोनवर घेतली पाहिजे.